फ्लोराइडच्या गावी जाताना

नागपूर, जून

चि. मृण्मयीस,


पांढरकवड्याकडच्या आरोग्य उपकेंद्रात तुझी नेमणूक झाल्याचं ताईनं कळवलं. आनंद झाला, आणि लगेच तिथलं पाणी आठवलं. केळापूर, झरी जामणी या भागात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड सापडतं. ते कुठल्या कारखान्यानं सोडलेलं नाही, खडकातल्या खनिजांतून विरघळून येतं. आपल्या मानकानुसार लिटरमागे 1 मिलिग्रॅम ही मर्यादा, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5. पाणी नितळ दिसतं, म्हणून लोकांना संशय येत नाही. उकळून ते जात नाही. उलट पाणी आटेल तसं त्याचं प्रमाण वाढतं.

आठ वर्षांच्या आतल्या मुलांना जप. दात घडत असतानाच फ्लोराइड त्यांवर पिवळे-तपकिरी पट्टे उमटवतं आणि ते आपोआप जात नाहीत. पुढे सांधे आखडतात, पाठ वाकते.

पण एकाच हातपंपावरचं पाणी पिणाऱ्या दोन घरांत दुखणं सारखं नसतं. आयुष्यभर आहारशास्त्र शिकवलं, तरी मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते. पोटात कॅल्शियम असेल तर फ्लोराइड त्याच्याशी बांधलं जातं आणि बरंचसं शोषलं न जाता बाहेर पडतं. पोट रिकामं असेल तर जवळजवळ सगळं रक्तात उतरतं. म्हणजे ज्या घरात दूध-ताक नाही आणि सकाळचं पोट कोऱ्या चहावरच भागतं, त्या घराला तेच पाणी जास्त बाधतं. त्यात चहाच्या पत्तीतही फ्लोराइड असतं.

हे काही आजचं ज्ञान नाही. 1973 साली हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या डॉ. कृष्णम्माचारी आणि डॉ. कमला कृष्णस्वामी यांनी फ्लोराइडग्रस्त भागातल्या मुलांचे गुडघे आत वळलेले पाहून त्यावर लिहिलं. पुढे त्याच संस्थेत दिसलं, की भातापेक्षा ज्वारीच्या आहारावर शरीरात फ्लोराइड जास्त साठून राहतं. आपण ज्वारी खाणारी माणसं, हे वाचून वाईट वाटतं. तरी भाकरी सोडा असं कुणाला सांगू नकोस. शंभर ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम जेमतेम 25-30 मिलिग्रॅम, नाचणीत साडेतीनशेच्या आसपास. भाकरीसोबत काय खाल्लं जातं, ते विचार.

सोबतीला हवं ते तिथंच उगवतं. पहिला पाऊस पडला की बांधावर, पडीत तरोटा येतो. कोकणातले लोक त्यालाच टाकळा म्हणतात. मध्य प्रदेशातल्या झाबुआत फ्लोराइडग्रस्त मुलांच्या आहारात हीच भाजी आणली गेली. शेवग्याचा पाला, न सोललेले तीळ, ताक, यांतूनही कॅल्शियम मिळतं. आवळा, पेरू, लिंबू यांतून क जीवनसत्त्व. काळं मीठ, सैंधव आणि सुपारी मात्र बंद करायला सांग, त्यांतूनही फ्लोराइड पोटात जातं.

गरोदर बायांकडे विशेष लक्ष दे. लोहाच्या गोळ्या देऊनही हिमोग्लोबिन चढत नाही, म्हणून सगळे त्या बाईलाच बोलतात, गोळ्या खात नसशील म्हणून. दिल्लीच्या डॉ. ए. के. सुशीला यांनी 2010 साली प्रसिद्ध केलेला अभ्यास मी विद्यार्थिनींना दरवर्षी वाचायला लावत असे. लघवीत फ्लोराइड जास्त असलेल्या, रक्तक्षय झालेल्या गरोदर स्त्रियांच्या पोटात जाणारं फ्लोराइड थांबवलं, आहार सुधारला, तेव्हा अनेकींचं हिमोग्लोबिन वाढलं आणि कमी वजनाची बाळंही कमी जन्मली. फ्लोराइड आतड्याच्या अस्तराला इजा करतं, मग लोह शोषलं जाणार कसं? अशा बाईला दोष देण्याआधी ती कुठलं पाणी पिते ते पाहा.

एक मात्र मनापासून सांगते. ताटाचा सल्ला पाण्याची जागा घेऊ शकत नाही. दिवसाच्या मजुरीत जिला दूध परवडत नाही तिला ‘दूध पी’ म्हणणं हा सल्लाच नव्हे. आणि जुन्या माणसांची आखडलेली हाडं भाजीनं सरळ होत नाहीत. इथल्या नीरी संस्थेनं तुरटी आणि चुन्यानं फ्लोराइड काढण्याची नलगोंडा पद्धत कित्येक वर्षांपूर्वी शोधली. पावसाच्या पाण्यात तर फ्लोराइड जवळपास नसतंच, शाळेच्या छपरावरचं पाणी साठवता येतं. उपाय आहेत, ते मागणारं कुणीतरी हवं.

म्हणून रुजू झालीस की आधी अंगणवाडी आणि शाळा ज्या हातपंपाचं पाणी वापरतात, त्यांचे नमुने तपासणीला पाठव. आकडा हाती आला की फाइलमध्ये ठेवू नकोस, ग्रामसभेत मोठ्यानं वाचून दाखव.

तुझी,
मावशी