बेनला कोणी मारलं?

'भुताखेतांचे सिनेमे काय बघता, प्रबोधनाचं काही बघा,' असं चळवळीतले जाणते लोक तरुणांना सांगतात. मला ते पटत नाही. जॉर्ज रोमेरोचा १९६८ सालचा 'नाईट ऑफ द लिव्हिंग डेड' हा माझा पुरावा.

अमेरिकेतल्या पिट्सबर्गजवळ, सव्वा लाख डॉलरच्याही आत बनलेला हा कृष्णधवल चित्रपट. रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप वापरलेलं. मेलेली माणसं उठून जिवंतांना खात सुटतात आणि सात जण एका शेतघरात अडकतात. त्यांत डोकं शाबूत ठेवून लढतो तो बेन. ही भूमिका ड्युएन जोन्स या काळ्या नटाने केली. बेनच्या रंगाबद्दल चित्रपटात कोणी चकार शब्द काढत नाही. जोन्सची चाचणी सर्वांत चांगली झाली म्हणून त्याला घेतलं, असं रोमेरो सांगत असे. मग यात वंशवाद कशाला शोधायचा, असा आक्षेप घेतला जातो.

त्याचं उत्तर शेवटात आहे. रात्रभर झुंजून बेन एकटाच वाचतो. सकाळी शेरीफ आणि बंदूकधारी गोऱ्यांची टोळी येते. खिडकीत दिसलेल्या बेनला ते लांबूनच गोळी घालतात. इथे हलतं चित्र थांबतं. पुढे वर्तमानपत्रात छापल्यासारखी दाणेदार, स्थिर छायाचित्रं येतात: हातांत आकडे घेतलेली माणसं, बेनचं प्रेत, सरण. अमेरिकेत जमाव काळ्यांना ठार मारायचा आणि प्रेतासोबतचे फोटो पोस्टकार्डांवर छापले जायचे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली होती. प्रेक्षकाला वेगळं काय सांगायचं?

वस्तीतल्या अभ्यासवर्गात हा चित्रपट दाखवला तेव्हा एका मुलाने विचारलं, 'त्याला भूत समजून मारलं की काळा म्हणून?' चित्रपट हे सांगत नाही. मारणाऱ्यांना खात्री करून घ्यायची गरज वाटली नाही, एवढंच तो दाखवतो. त्याची कलात्मक ताकद मला इथेच दिसते. आपल्याकडेही अत्याचार झाला की 'जातीचा संबंध नाही, बांधाचं जुनं भांडण होतं' हे ठरलेलं वाक्य येतं आणि जातीचा हेतू सिद्ध करण्याचं ओझं मेलेल्याच्या घरच्यांवर पडतं. रोमेरो हेतूच्या वादात शिरतच नाही. बेनच्या प्रेताचं काय केलं, ते तो आपल्याला बघायला लावतो.

मित्रांनो, खिशात मोबाईल आहे, गोष्टी वस्तीत आहेत. भांडवलाची वाट बघू नका.

जय भीम.