भजन मंडळातला शिकाऊ

विदर्भात गाणे शिकायला सुरुवात बहुतेकदा भजन मंडळात होते, आणि ती हातापासून होते. गळ्याची पाळी मागून येते. नागपूरच्या पूर्वेला कळमना, पारडी, भरतवाडा या भागांतही हीच वाट आहे. कळमन्यात कृषी उत्पन्न बाजार समितीचे मोठे आवार आहे. संत्री, मिरची, धान्य, भाजीपाला यांचा दिवस तिथे पहाटेच उजाडतो. हमाली, अडत किंवा मालवाहतुकीवर ज्याचे पोट आहे, त्याला सकाळचा रियाज कुठून जमणार? म्हणून सराव रात्री, जेवणे उरकल्यावर, देवळात नाहीतर कुणाच्या तरी घरी होतो. नवा मुलगा मागच्या ओळीत बसतो, हाती टाळ किंवा खंजिरी येते आणि धृपद सगळ्यांबरोबर म्हणायचे एवढेच काम त्याला असते. चार लोकांसमोर बसायची वेळ त्याच्यावर शिकून होण्याआधीच येते. या पद्धतीचे बळही त्यात आहे आणि उणीवही.

या भागात खंजिरीला जो मान आहे, तो राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे. त्यांचा जन्म 1909 साली अमरावती जिल्ह्यातल्या यावली इथला. मराठी आणि हिंदी भजने त्यांनी खंजिरीवरच गावोगाव नेली आणि 1968 पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, ते वाद्य त्यांच्या हातातून सुटले नाही. नागपूर-अमरावती रस्त्यावरच्या मोझरी इथला गुरुकुंज आश्रम आणि गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना यांमुळे हे भजन कुण्या एका जातीचे किंवा घराण्याचे राहिले नाही. पुढे सत्यपाल महाराजांनी कीर्तनात सात खंजिऱ्या एकदम वाजवून या साध्या वाद्यात केवढे काय दडले आहे ते दाखवले. पेटी किंवा तबल्याच्या मानाने खंजिरी स्वस्त आणि पिशवीत मावणारी. ज्याला काहीच परवडत नाही त्यालाही ती परवडते, ही गोष्ट संगीताच्या दृष्टीने लहान नाही.

लाकडी कड्याच्या एका बाजूला चामडे किंवा हल्ली प्लास्टिकचे पान, कड्याच्या खाचांत पितळी चकत्या. डाव्या हाताने कडे धरायचे, उजव्या हाताच्या बोटांनी पानावर वाजवायचे. पावसाळी हवेत चामडे सैल पडून आवाज बसतो, तेव्हा ते मंद आचेवर शेकून घेतात. पहिला ताल बहुधा केरवा: धा गे ना ति, न क धि न. आठ मात्रा, पहिलीवर सम, पाचवीवर खाली. नवशिक्याची गफलत ठरलेली असते. बोटे बरोबर पडतात, पण डाव्या मनगटाला थोडा जरी जास्त झटका बसला तरी चकत्या मधल्याच मात्रेवर छनछनतात आणि खाली पुसली जाते. खाली पुसली की धृपद नेमके कुठे उचलायचे ते गाणाऱ्याला कळेनासे होते. चांगला जुना खंजिरीवाला म्हणूनच मनगट बांधून ठेवतो आणि चकत्यांना समेपुरतेच मोकळे सोडतो. भजन रंगले की लय वाढते, शेवटी दुगुन होते. लय सगळ्यांनी मिळून वाढवली की एकट्याचीच पळाली, हा फरक ऐकू येणे ही लयीची पहिली खरी समज. ती एकट्याने कोंडून घेऊन येत नाही, वीस जणांच्या टाळांत बसूनच येते.

स्वराचे मात्र उलट आहे. मंडळात पट्टी मुख्य गायकाच्या गळ्याला धरून ठरते आणि बाकीच्यांनी तिथपर्यंत ताणायचे असते. उंच पट्टीत, टाळांवर मात करत, मोठ्याने म्हणता म्हणता आवाज घशातून काढायची खोड लागते. मागे पेटी सतत भरलेली असल्याने आपला गंधार किंचित उतरला हे स्वतःला कळतही नाही. तेरा-चौदाव्या वर्षी मुलाचा आवाज फुटतो, तेव्हा तर त्याला काही काळ तालावरच बसवणे शहाणपणाचे. ज्या मंडळांत हे पाळले जाते तिथले गळे पुढे टिकतात.

यावर उपाय एकच: रोज थोडा वेळ एकट्याने, तंबोऱ्यासमोर, स्वतःच्या पट्टीत षड्ज लावणे. तंबोरा आता मोबाइलवरही मिळतो. पेटीच्या पट्ट्या ठरीव असतात, एका स्वरातून दुसऱ्यात घसरत जाणारी मींड तिच्यावर निघत नाही. म्हणून स्वर ओळखायला पेटी चालते, लावायला तंबोराच हवा.

एकट्याच्या अशा तालमीची परंपरा नागपूरला नवी नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. त्यांचे शिष्य शंकरराव सप्रे यांनी नागपुरात शिकवले, आणि त्यांच्याकडे लहानपणी शिकलेले वसंतराव देशपांडे पुढे लष्करी हिशेब खात्यात वर्षानुवर्षे नोकरी करत गात राहिले. नोकरी सांभाळून शिकणाऱ्याने त्यांच्याकडे जरूर पाहावे. पलुस्कर परंपरेतल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद या परीक्षांनी आज शिकण्याला टप्पे दिले आहेत. मंडळातून आलेल्या मुलाला तिथे ताल सोपा जातो; अलंकार आणि सरगम सावकाश म्हणणे मात्र जड जाते, कारण हळू गायची त्याला सवयच नसते.

भजन स्पर्धेत मंडळातली आणि एकट्याची अशा दोन्ही शिकवणी एकत्र तपासल्या जातात. वेळ बांधलेला, माइक परका, आणि मंचावरच्या स्पीकरमधून आपला आवाज उशिरा आल्यासारखा वाटतो. अशा वेळी स्पीकरमागे न जाता तबलजीच्या हाताकडे पाहून गावे. सुरुवातीची लय घरच्यापेक्षा एक पायरी खाली ठेवावी, कारण मंचावर ती आपोआप चढते. धृपद दोनदा नीट बसल्याशिवाय ताना-हरकतींकडे वळू नये. परीक्षक आणि समोरचे श्रोते दोघेही आधी शब्द ऐकतात. स्पर्धेनंतर मुख्य गायक शिकाऊला पहिले स्वतंत्र चरण म्हणायला देतो, आणि मागच्या ओळीतली त्याची खंजिरी दुसऱ्या मुलाकडे जाते.