बटणाचा समुद्र

परदेशात राहणारा आपल्यातला प्रत्येक जण काही ना काही जपत असतो. कुणी कढीपत्त्याची कुंडी हिवाळ्यात घरात घेतं, तर कुणी दर दोन दिवसांनी विरजण लावतं. मी प्रवाळ जपते. आपल्या पोवळ्याचे हे लांबचे भाऊबंद. माझ्या अॅन आर्बरच्या भाड्याच्या घरात, दुसऱ्या मजल्यावर, तीन फुटी काचेच्या टाकीत ते राहतात. घरी येणारे लोक मासे किती, मीठ कुठलं, दिवा निळा का, असं सगळं विचारतात. पाणी हलवतं कोण, हे मात्र कुणी विचारत नाही. तुम्ही अशी टाकी घ्यायच्या विचारात असाल तर सुरुवात या प्रश्नापासून करा, कारण बाकीचं बरंचसं त्यावर अवलंबून आहे.

प्रवाळ हा प्राणी आहे, पण त्याला जागा सोडता येत नाही. अन्न, प्राणवायू, कॅल्शियम सगळं पाण्यानं त्याच्या दारात आणून द्यायचं आणि त्याचा कचराही पाण्यानंच न्यायचा. त्याच्या अंगालगत पाण्याचा एक पातळ, जवळजवळ स्थिर थर असतो आणि सगळी देवाणघेवाण त्यातूनच होते. पाणी जोरात हललं की थर पातळ होतो आणि देवाणघेवाण वाढते. माझं पोटापाण्याचं काम रक्तवाहिन्यांच्या भिंतीलगत होणाऱ्या प्रवाहाचं आहे. दिवसभर संगणकावर जी समीकरणं सोडवते, तीच संध्याकाळी टाकीत डोलताना दिसतात. हा केवळ पुस्तकी मुद्दा नाही. १९९८ साली समुद्र तापून जगभरचे प्रवाळ पांढरे पडले, तेव्हा कोणते जगले आणि कोणते मेले यातला काही फरक पाण्याच्या प्रवाहानं समजावता येतो, असं नाकामुरा आणि व्हान वोसिक यांनी २००१ साली मांडलं.

आता हिशेब. माझी टाकी ९० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ४५ उंच आहे, म्हणजे काठोकाठ भरली तर सुमारे १८० लिटर. दगड आणि वाळू वजा जाता खरं पाणी दीडशे लिटरच्या आसपास. ढोबळ नियम असा: मऊ प्रवाळांसाठी टाकीतलं पाणी तासाला दहा-वीस वेळा फिरावं, मोठ्या मांसल प्रवाळांसाठी वीस-तीस वेळा, आणि अॅक्रोपोरासारख्या फांद्यांच्या कठीण प्रवाळांसाठी चाळीसच्या पुढे. माझ्याकडे मिश्र वस्ती आहे, म्हणून मी तीस धरले. दीडशे गुणिले तीस, म्हणजे तासाला ४,५०० लिटर. खालच्या टाकीतून पाणी वर आणणारा पंप यात धरू नका, त्याचं काम गाळणीचं. खोक्यावरचा आकडाही जसाच्या तसा मानू नका. तो स्वच्छ पंपाचा, समोर काही अडथळा नसतानाचा असतो.

लिटरपेक्षा प्रवाहाचा आकार महत्त्वाचा. तेवढंच पाणी अरुंद तोंडातून सोडलं तर बागेतल्या पाइपासारखा फवारा होतो, समोरच्या प्रवाळाचं मांस सोलून निघतं आणि मागचा कोपरा तसाच साचलेला राहतो. म्हणून जुन्या पद्धतीचे नळीवाले पंप टाळा. रुंद पंख्याचे पंप पाण्याचा मोठा गोळा सावकाश ढकलतात. ट्युंझे या जर्मन कंपनीचे असे पंप अनेक जण वर्षानुवर्षं वापरतात. इकोटेकच्या व्हॉर्टेकमध्ये मोटर काचेच्या बाहेर आणि पंखा आत असतो, दोन्ही चुंबकानं जोडलेले. त्यामुळे मोटरची उष्णता आणि वायर पाण्यात येत नाहीत, पण काच किती जाड चालते हे आधी बघावं लागतं. तिसरा प्रकार जायरचा. लांबट लाटण्यासारखा रोटर पाण्याची पसरट चादर टाकीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पाठवतो आणि ती तळातून परत येते. लांब टाकीला तो छान, पण माझ्या तीन फुटांत वाळू उडाली असती.

मी रुंद पंख्याचे दोन लहान पंप घेतले. एकाच मोठ्या पंपाचा प्रवाह कायम एका दिशेला जातो, तर दोन पंप आळीपाळीनं चालवले की पाणी एकदा इकडून आणि एकदा तिकडून येतं, खऱ्या खडकावर लाट येते-जाते तसं. दोन प्रवाह एकमेकांवर आपटले की साचलेले कोपरे कमी होतात. आणि एक पंप बंद पडला तरी रात्र निभावते.

डीसी पंपाबरोबर नियंत्रक येतो आणि त्यात लाटांचे प्रकार असतात. एक मोह सगळ्यांना होतो. पंपाची उघडझाप टाकीच्या ठेक्याशी जुळवली की झोपाळ्याला वेळेवर धक्का दिल्यासारखं सगळं पाणी हेलकावतं. माझ्या टाकीचा ठेका गणितानं साधारण १.१ सेकंद येतो. दिसायला सुंदर, पण प्रत्येक हेलकाव्याचा ताण काचेच्या सांध्यांवर आणि लाकडी जमिनीवर पडतो, आणि खालच्या मजल्यावर तान्हं बाळ आहे. मी अनियमित लाट लावते. रात्री जोर कमी करते, पण पृष्ठभाग कधी स्थिर ठेवत नाही. अंधारात प्रवाळातलं शेवाळ प्राणवायू तयार करत नाही आणि घेणारे मात्र सगळे जागेवरच असतात.

नियंत्रकापेक्षा प्रवाळ जास्त खरं सांगतात. हॅमर प्रवाळाच्या बोंड्या वाऱ्यावरच्या भातासारख्या डोलल्या पाहिजेत. सगळ्या एकाच बाजूला चेपल्या असतील तर जोर जास्त आहे. वाळूवर लाल चिकट साय धरली तर बहुतेक वेळा तिथे पाणी पोहोचत नाही. समुद्रफूल ठेवणार असाल तर पंपाला जाळी हवीच, ते भटकत भटकत थेट पंख्यात जातं.

मालवणला असलेल्या बाबांना व्हिडिओवर हे सगळं दाखवलं, तर ते म्हणाले, "आमच्या समुद्राक बटान नाय गो." खरं आहे. तिथलं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या प्रवाळांना भरती-ओहोटी फुकट मिळते. पण पाणी तापतं तेव्हा तेही पांढरे पडतात, आणि तिथे कुणाच्याच हातात बटण नसतं.

माझ्या हातातलं बटण विजेवर चालतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये गोठणाऱ्या पावसाच्या वादळात मिशिगनच्या दक्षिण भागात फांद्यांवर बर्फ चढून तारा तुटल्या आणि लाखो घरं अंधारात गेली. आमच्याकडे तीस तास वीज नव्हती. अशा वेळी आधी श्वास, मग ऊब. टाकीभोवती गोधड्या गुंडाळल्या की पाणी सावकाश थंड होतं, पण हललं नाही तर काही तासांतच मासे वर येऊन धापा टाकतात. डीसी पंप थेट १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीत सुमारे ४२० वॉट-तास असतात, त्यातले निम्मेच वापरायचे. पाच वॉटवर मंद चालणाऱ्या पंपाला ते चाळीस तास पुरतात. एक पंप पृष्ठभागाकडे वळवून ठेवला होता. वीज आली तेव्हा पाणी विसाच्या खाली गेलं होतं, पण सगळे जिवंत होते. पंप घेताना 'बॅटरी जोडता येते का' हे रंग आणि अॅपच्या आधी बघा.

आणि आपल्यासारख्यांनी आणखी एक गोष्ट बघावी. ही टाकी मला प्रयोगशाळेतल्या एका सहकाऱ्याकडून मिळाली. करार संपून तो दुसऱ्या देशात गेला. माझाही करार ऑगस्टमध्ये संपतोय. कठीण प्रवाळ साइटीसच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्यानं परवान्याशिवाय सीमा ओलांडत नाहीत, आणि भारतात ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. माणसाच्या व्हिसाचे कागद कसे तरी जमतात, यांचे जमणार नाहीत. म्हणून मी पंप स्वतःपुरते निवडले नाहीत. सुटा पंखा आणि सुटा नियंत्रक पाच वर्षांनीही मिळेल, असेच घेतले. दर दोन-तीन महिन्यांनी ते सायट्रिक आम्लाच्या पाण्यात भिजवून चुन्याचा थर काढते, तारीख वहीत लिहिते आणि कोणता पंप किती टक्क्यांवर ठेवला हेही लिहिते. पुढच्याला त्या वहीतून टाकीचा स्वभाव कळेल.

पुढचा माणूस अजून ठरलेला नाही. अॅन आर्बरच्या आसपास कुणी असाल तर मासिकामार्फत कळवा. पंप, बॅटरी आणि वही सगळं एकत्रच द्यायचं आहे, सुटं नाही. फक्त घेण्याआधी एकदा रात्री दिवे मालवल्यावर येऊन बघा. प्रवाळ तेव्हा जेवायला हात बाहेर काढतात, आणि पाणी कशासाठी हलवायचं ते मला वेगळं सांगावं लागत नाही.