तीन पाण्यांची भांडी

सोलापुरात पाणी कधी येते हे लहान मुलालाही सांगता येते. कित्येक वर्षे इथे तीन दिवसांआड, चार दिवसांआड, कधी पाच दिवसांआड नळ सुटत आला. नळाचा दिवस बघून पाहुण्यांना बोलावणारी, त्याच दिवशी गोधड्या धुवायला काढणारी, रात्री दोनला उठून बॅरल भरणारी घरे प्रत्येक गल्लीत आहेत. पाणी येण्याचा असा सगळा हिशेब आपल्याला तोंडपाठ असतो. पण पाणी जाते कुठे असे कुणी विचारले, तर आपण मोरीकडे बोट दाखवतो. मोरीच्या पुढचे आपल्याला ठाऊक नसते आणि ते जाणून घ्यावेसेही वाटत नाही.

मला ते जाणून घ्यावे लागले ते एका डिशवॉशरमुळे.

भांडी धुण्याचे हे यंत्र आपल्या मोहल्ल्यांत अजून नवलाचेच आहे. २०२० च्या टाळेबंदीत कामवाल्या बायकांना घरोघरी जाता येईना, तेव्हा पुण्या-मुंबईकडे या यंत्रांचा खप वाढला. आमच्या घरी ते आले त्यानंतर दोन वर्षांनी आणि आले ते अम्मीच्या हातांसाठी. सोलापुरातल्या हजारो बायकांप्रमाणे अम्मीनेही उमर घालवली ती विडी वळण्यात. मांडीवर सूप, सुपात पाने आणि जर्दा, हातात कात्री, बोटाला दोरा. रोजची हजार विडी झाल्याशिवाय ती उठत नसे. आता अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटे वळत नाहीत. भांडी घासणाऱ्या मावशींनी कंबरदुखीमुळे काम सोडले, तेव्हा अम्मी पुन्हा मोरीत बसू लागली. पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या मुलाला ते बघवले नाही. त्याने यंत्र पाठवून दिले.

या यंत्राचा इतिहास गमतीचा आहे. अमेरिकेतल्या जोसेफिन कॉक्रन या बाईंनी १८८६ साली त्याचे पेटंट घेतले. नोकरांच्या हातून आपल्या किमती चिनी मातीच्या बशांचे टवके उडतात, म्हणून त्यांनी हे यंत्र करायला घेतले असे सांगतात. म्हणजे तिथे काळजी होती बशांची. आमच्याकडे ती हातांची होती. तांब्याची कल्हई लावलेली देग आणि अॅल्युमिनियमची पतेली यात घालायची नाही, कारण त्यातल्या तीव्र पावडरने कल्हई जाते आणि अॅल्युमिनियम काळे पडते. बाकी रकाब्या, प्याले, चमचे, स्टीलची ताटे यांची सोय झाली.

पहिले काही महिने बरे गेले. मग एके दिवशी यंत्र उघडले तर तळाशी चार बोटे पाणी. गढूळ, वर तेलाचा तवंग. दुसऱ्या दिवशीही तेच. अम्मीने आत वाकून बघितले आणि तिची रकाबी बाहेर काढून ठेवली.

“ठैरेले पानी में धोयेले बर्तनां में मैं कैसा खाऊँ बा?”

त्या दिवसापासून ती स्वतःची भांडी पुन्हा हाताने धुऊ लागली. पुढे घरातल्या सगळ्यांचीच. यंत्राचा उपयोग राहिला तो वर डबे ठेवण्यापुरता.

मी मोहल्ल्यातल्या मौलानांना विचारले. त्यांनी शांतपणे समजावून सांगितले, की ताटातले खरकटे म्हणजे नजासत नव्हे. भात, सालन, तेल या पाक वस्तू आहेत. त्या पाण्यात मिसळल्या म्हणून भांडी नापाक होत नाहीत. थांबलेल्या पाण्याचा मसला वेगळा. त्यात नजासत पडली तर पाणी किती आहे ते बघतात. म्हणून तर मशिदीचा हौद दहा हात लांब आणि दहा हात रुंद, दह-दर-दह, बांधायची रीत पडली. मी हे घरी येऊन सांगितले. अम्मीने ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाली, “पाक होंगे. साफ नै हुए.”

तिचे म्हणणे मला पटले. पाक आणि साफ यांत फरक आहे आणि दोन्ही हवे असतात. अम्मी भांडी धुते ती तीन पाण्यांनी. पहिल्या पाण्यात खरकटे निघते, दुसऱ्यात साबण जातो, तिसरे पाणी वरून वाहते ठेवून विसळायचे. पाण्याची कितीही टंचाई असो, तिसरे पाणी चुकत नाही. फक्त ते वाया जात नाही. पुढच्या खेपेचे पहिले पाणी तेच असते. वाहत्या नदीकाठी वजू करतानाही पाणी उधळू नये, ही हदीस आपण मिंबरवरून ऐकतो. सोलापूरच्या बायका ती रोज पाळतात, त्यांना त्याचे नाव माहीत असो वा नसो.

यंत्राची माहितीपुस्तिका घेऊन बसलो, तेव्हा लक्षात आले की यंत्रही नेमके हेच करते. आत तीन-चार लिटर पाणी घेते, पंपाने तेच पाणी फिरत्या तोट्यांतून भांड्यांवर पुन्हा पुन्हा मारते, मग ते सगळे बाहेर टाकते आणि नवे घेते. असे तीन-चार वेळा. एका खेपेला सगळे मिळून दहा-बारा लिटर. अम्मीचीच तीन पाणी, पण त्यांना तीन पाणी म्हणायचे केव्हा? पहिले पूर्ण गेल्यावर दुसरे आले तर. पहिले जर तळाशीच राहिले, तर दुसरे त्यात मिसळते, तिसरेही मिसळते आणि शेवटी भांडी एकाच पाण्यात धुतली जातात. यंत्राचा धुण्याचा भाग ठणठणीत होता. अडले होते ते फक्त पाणी घालवण्याचे काम. आणि त्याच्यावाचून बाकी सगळे वाया होते.

कंपनीचा माणूस आठ-दहा दिवसांनी येणार होता. तोवर बघू म्हणून मी आणि पत्नीने सुरुवात केली. ज्यांच्या घरी हे यंत्र आहे किंवा उद्या येईल, त्यांच्यासाठी क्रम सांगून ठेवतो.

आधी वायर काढून वीज तोडायची. खालची जाळीची ताटळी बाहेर घ्यायची. तळाचे पाणी वाटीने उपसून स्पंजने टिपायचे. तळाशी पेल्यासारखी एक गाळणी असते. ती डावीकडे फिरवली की निघते. आमच्या गाळणीत शेंगाच्या चटणीचा रवा होता, भाताची शिते, दोन लवंगा, वेलदोड्याचे साल आणि पायाच्या सालनातली हाडाची कपची. जुन्या दात घासायच्या ब्रशने ती स्वच्छ केली. गाळणीच्या खाली पंपाचा छोटा पंखा असतो. तिथे लिंबाची बी किंवा काचेचा तुकडा अडकतो, म्हणून थेट बोट घालायचे नाही, आधी चमच्याच्या दांडीने चाचपायचे. आमचा पंखा मोकळा होता.

मग गाळणी बसवून, वीज जोडून तांब्याभर पाणी ओतले आणि पाणी काढण्याचे बटण दाबून कान लावला. आवाजच आला नाही तर पंपात किंवा विजेत दोष. नुसतीच घरघर आली आणि पाणी हलले नाही तर पंख्यात काहीतरी अडकलेले. आमच्याकडे आवाजही नीट आला आणि पाणीही गेले. पण पंप थांबताच गडगड करत परत आले.

म्हणजे यंत्र पाणी टाकत होते आणि मोरी ते परत पाठवत होती.

यंत्र बसवताना त्याच्या नळीचे टोक मोरीच्या तोंडात, थेट जमिनीवर, चिंधी गुंडाळून खुपसलेले होते. खरे तर ही नळी आधी जमिनीपासून दीड-दोन फूट तरी वर न्यायची असते आणि मग कमान करून खाली आणायची. टोक पाण्यात बुडलेले ठेवायचे नाही, नाहीतर घाण पाणी उलटे येते. आम्ही ओट्याखाली खिळा ठोकून नळी वर बांधली. परत येणारे पाणी थांबले. पण मोरीतले पाणी तसेच तुंबलेले. जाळी काढून बघितली, गरम पाणी आणि धुण्याचा सोडा ओतला. उपयोग झाला नाही. अडथळा घराबाहेर होता.

बाहेर आमच्या बोळात तीन घरांचा मिळून एक चेंबर आहे. एक घर आमचे, दुसरे पद्मशाली कुटुंबाचे, त्यांच्याकडे टॉवेलचे दोन माग चालतात आणि तिसरे एका रिक्षावाल्याचे. बकरी ईद होऊन पंधरवडा झाला होता. चेंबर तुंबलाय म्हटल्यावर बोळात कुजबुज सुरू झाली, की चरबी कुणाच्या घरातून येते ते काय सांगायला हवे? तोंडावर कुणी बोलले नाही. पण अशा गोष्टी न बोलताही कळतात आणि हल्लीच्या दिवसांत जरा जास्तच लवकर कळतात.

दुसरे बोलणे झाले ते असे, की महापालिकेच्या माणसाला शंभर-दोनशे रुपये देऊन बोलावू. माझ्या पत्नीने विचारले, “दोन फुटांचा खड्डा आहे. आपल्या घरचे पाणी, मग हात दुसऱ्याचे कशाला?” गटारात आणि मैलाटाकीत माणसाला धोका पत्करून उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरी माणसे उतरतात आणि मरतात. ती कुणाच्या घरची असतात हे सगळ्यांना ठाऊक असते. यात आपणही वेगळे नाही. मशिदीच्या सफीत खांद्याला खांदा लावतो, पण मेहतर, हलालखोर बिरादरीच्या घरी सोयरीक घेऊन जाणारे किती निघतील? पाकीचा एवढा विचार करणाऱ्या समाजाने घाण काढणाऱ्या हाताचा विचार किती केला, हा प्रश्न कुणी दुसऱ्याने विचारण्याआधी आपणच विचारायला हवा. रसूलल्लाह आपली पादत्राणे स्वतः सांधत आणि घरच्या कामाला हात लावत, हे आपल्याला पाठ आहे. मोरी मात्र त्या घरकामात आपण धरत नाही.

चेंबरचे झाकण आम्ही तिघांनी मिळून उचलले. हातमोजे घालून, बांबूच्या लांब कापेने ढोसून, अर्ध्या तासाने तोंडाशी बसलेला बोळा बाहेर ओढला. तो मनगटाएवढा जाड होता. आमच्या घरची गोठलेली चरबी होती, नाही असे नाही. पण ती चरबी धरून ठेवली होती टॉवेलच्या सुताने. मागावरचे तंतू धुण्याच्या पाण्यातून येऊन एकात एक पिळले गेले होते आणि त्यात चहाची पूड, केस, शांपूच्या पुड्या. शेजारचे विणकर हात कमरेवर ठेवून बघत राहिले. मग हसून म्हणाले, “सूत आमचे आहे की!” नुसती चरबी वाहून गेली असती, नुसते सूतही गेले असते. पाणी अडवले ते दोघांनी मिळून. बोळातली कुजबुज त्या दिवशी थांबली. कायमची थांबली असे मी म्हणणार नाही.

चेंबरच्या पुढे पाणी कुठे जाते हेही मग विचारत गेलो. आपला सगळा मुलूख भीमेच्या खोऱ्यातला. इथले सांडपाणी ओढ्यानाल्यांनी शेवटी त्याच खोऱ्यात उतरते आणि भीमा पुढे कर्नाटकात जाते. आणि आपल्या नळाला येते ते कुठले? शंभराहून अधिक किलोमीटर लांबून, उजनीतून. उजनीत येते भीमेतून, आणि भीमेला येऊन मिळते मुळा-मुठा, पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी पोटात घेऊन. उजनीच्या प्रदूषणाची ओरड त्यासाठीच असते. म्हणजे माझ्या मुलाच्या पुण्यातल्या मोरीतून गेलेले पाणी फिरून, गाळून, औषध टाकून आमच्याच माठात येते. आपण मोरीत ढकलून मोकळे होतो ते पाणी कुणाच्या तरी नळाला लागणार असते. पाणी येण्यासाठी आपण मोर्चे काढतो, घागरी फोडतो. ते बरोबरच आहे. पण पाणी नीट जावे, गाळून आणि शुद्ध होऊन जावे, यासाठी आपल्या मोहल्ल्यातून निघालेला मोर्चा मी अजून पाहिलेला नाही.

यंत्र आता नीट चालते. तळाशी गाळणीच्या खळग्यात थोडे पाणी राहते, ते राहायलाच हवे, आतली रबरे सुकू नयेत म्हणून. अम्मीला हे दाखवले. तिने बोट बुडवून पाणी स्वच्छ असल्याची खात्री केली आणि आपली रकाबी स्वतःच्या हाताने आत ठेवली. वजूचा तोटीचा बधना मात्र ती अजूनही हातानेच घासते आणि त्याबाबत कुणी काही बोलायचे नाही.

घरात दोन नियम झाले आहेत. कुर्बानीच्या दिवसांतली चरबी आणि देगीतले उरलेले तेल मोरीत ओतायचे नाही, थंड करून कागदात पुसून घ्यायचे. आणि जुम्म्याला नमाजहून आल्यावर यंत्राची गाळणी आणि मोरीची जाळी घरातल्या पुरुषांनी साफ करायची. शेजारच्या मागवाल्यांनी त्यांच्या मोरीला बारीक जाळी बसवली आहे. तिच्यातले सूत ते दर रविवारी काढतात.