घरातच धुतलेले फोटो

मोबाईल येण्याआधी 'रोल धुवायला टाकला' हे वाक्य घराघरांत ऐकू यायचं. ईद झाली, अकीका झाला, कुणाचं लग्न झालं की छत्तीस फोटोंचा रोल दुकानात जायचा आणि चार दिवसांनी पाकीट यायचं. पाकिटातले फोटो आपल्याआधी दुकानातल्या माणसांनी पाहिलेले असायचे. पुष्कळांना त्यात काही वावगं वाटत नसे. आमच्या घरातल्या बायकांना वाटे. म्हणून आमच्या अल्बमात अब्बा, चाचा, मामू, सगळी मुलंबाळं आहेत. अम्मी, फुफी, खाला नाहीत. फुफीचा एकच फोटो होता, हजच्या पासपोर्टसाठी काढलेला.

फोटो जाइज की नाजाइज, हा मसला उलेमांचा. त्यावर बोलण्याइतकं माझं इल्म नाही. पण फुफीचं म्हणणं वेगळंच होतं. ती म्हणायची, "निकालने को ना नै बोलती मैं. पन किसके हात में जाताय, वो मालूम होना ना!"

याला मागासलेपणा म्हणणारे खूप भेटतात. त्यांनी जुलै २०२१ मधलं 'सुल्ली डील्स' आणि जानेवारी २०२२ मधलं 'बुली बाई' आठवून पाहावं. शिकलेल्या, लिहिणाऱ्या-बोलणाऱ्या मुस्लिम स्त्रियांचे फोटो त्यांना न विचारता उचलले गेले आणि ॲपवर त्यांचा 'लिलाव' मांडला गेला. त्या दिवसांत माझ्या सोबतच्या शिक्षिकांनीही आपापले फोटो काढून टाकले. फुफीला ॲप म्हणजे काय ते ठाऊक नाही, पण तिचा प्रश्न तोच होता. माझा फोटो कुणाच्या हातात जातो?

मी सोलापुरात उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते. माझ्या मामूंचा फोटो स्टुडिओ होता. डिजिटल आल्यावर त्यांनी तो बंद केला. एनलार्जर, ट्रे, लाल दिवा असं सगळं सामान पोटमाळ्यावर पडून होतं. ते मी मागून आणलं आणि रोल धुणं मामूंकडूनच शिकले. फोटो काढणारीही घरची आणि धुणारीही घरची. फुफीच्या प्रश्नाला माझ्याकडे हे एक उत्तर होतं. ज्यांना करून पाहायचं असेल, त्यांच्यासाठी क्रमाने सांगते.

आधी कॅमेरा. जुन्या बाजारात पूर्ण यांत्रिक कॅमेरा शोधावा. माझ्याकडे पेंटॅक्स के १००० आहे. हा कॅमेरा १९७६ पासून १९९७ पर्यंत बनत होता. त्याची बॅटरी फक्त उजेड मोजण्यासाठी. ती संपली तरी शटर चालतं. विकत घेताना मागचं झाकण उघडून शटर एका सेकंदावर, मग एकसाठांशावर, मग एकहजारांशावर दाबून बघा. आवाजात आणि उजेडात फरक जाणवला पाहिजे. झाकणाच्या कडेचा काळा स्पंज बोटाला चिकटत असेल तर तो बदलावा लागेल, नाहीतर तिथून उजेड शिरतो. लेन्समधून टॉर्च मारा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. कोकणात आणि मुंबईत दमट हवेमुळे ती जास्त होते. असा कॅमेरा फुकट मिळाला तरी घेऊ नये.

फिल्म कृष्णधवलच घ्यावी. रंगीत फिल्म धुताना तापमानाचा नखरा फार. एकेकाळी उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा 'इंदू' रोल मिळायचा. तो सरकारी कारखाना आता बंद आहे. हल्ली इलफर्डचा एचपी फाइव्ह प्लस किंवा कोडॅकचा ट्राय-एक्स मागवावा लागतो. दोन्ही ४०० स्पीडचे, म्हणजे खिडकीच्या उजेडात घरातल्या घरात फोटो निघतात. रोल स्वस्त नाहीत. छत्तीस वेळा विचार करूनच बटण दाबलं जातं.

आता अंधार. लाल दिवा फक्त कागदासाठी चालतो. फिल्मला तोही चालत नाही, तिला मिट्ट काळोख लागतो. मी इशाची नमाज झाल्यावर, गल्लीतले दिवे मंदावले की मोरीत काम करते. खिडकीवर फुफीने आपला जुना बुरखा दिला. एकेरी कापडातून उजेड येतो, म्हणून तो चार पदरी घडी करून खिळ्यांना अडकवला. दाराच्या फटीला जुनी गोधडी लावते. दहा मिनिटं आत बसून राहावं. डोळे सरावल्यावर कुठून उजेड येतो ते आपोआप दिसतं.

त्या काळोखात फिल्म रिळावर चढवून झाकणाच्या टाकीत ठेवायची. रीळ अगदी कोरडं हवं, ओलं असेल तर फिल्म अडकते. वाया गेलेल्या एखाद्या रोलवर, डोळे मिटून, वीसेक वेळा सराव करावा. झाकण लागलं की दिवा लावायला हरकत नाही.

डेव्हलपर मी डी-७६ वापरते. मेटॉल, हायड्रोक्विनोन, सोडियम सल्फाइट आणि टाकणखार एवढंच त्यात असतं. मेटॉलने काहींच्या हाताला खाज सुटते, म्हणून हातमोजे घालावेत. एका रोलला सुमारे तीनशे मिली पुरतं. एचपी फाइव्हला वीस अंश सेल्सियसला साडेसात मिनिटं लागतात. पण सोलापूरच्या उन्हाळ्यात वीस अंशांचं पाणी कुठून आणायचं? घमेल्यात पाणी आणि बर्फ घालून त्यात डेव्हलपरची बाटली उभी करावी. बर्फ डेव्हलपरमध्ये टाकू नये, तो पातळ होतो. चोवीस अंशांवर काम करायचं झालं तर वेळ साडेपाच मिनिटांच्या आसपास येतो. वेळ पाचाच्या खाली गेला तर फिल्मवर डाग-पट्टे पडण्याची भीती असते. दर मिनिटाला टाकी चार वेळा हळुवार उलटी-सुलटी करावी.

डेव्हलपर ओतला की एक भाग पांढरा सिरका आणि दोन भाग पाणी घालून अर्धा मिनिट हलवावं. मग हायपो. किती वेळ ठेवायचा याची सोपी युक्ती मामूंनी शिकवली. फिल्मचं सुरुवातीचं कापलेलं टोक आधी हायपोत टाकायचं. त्याचा दुधी रंग जाऊन ते स्वच्छ व्हायला जितका वेळ लागेल, त्याच्या दुप्पट वेळ फिल्म ठेवायची.

नंतर धुणं. आमच्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं. वाहत्या नळाखाली अर्धा तास फिल्म धरायची चैन परवडत नाही. इलफर्डची एक रीत आहे. टाकी भरून पाच वेळा उलटी करा आणि ओता. पुन्हा भरून दहा वेळा, मग आणखी एकदा भरून वीस वेळा. एक लिटरच्या आत काम होतं. शेवटचं पाणी मात्र बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड असावं, नाहीतर जड पाण्याचे पांढरे ठिपके निगेटिव्हवर वाळतात. वापरलेल्या हायपोत चांदी उतरलेली असते. तो विहिरीत, नाल्यात ओतू नये. बादलीत साठवून त्यात साधं लोखंडी स्टील वूल टाकून ठेवलं की चांदी खाली बसते.

प्रिंट काढायला एनलार्जर हवाच असं नाही. कुणाकडे जुना अॅग्फा क्लिक थ्री असेल तर त्यात १२० चा रोल बसतो आणि सहा सेंटिमीटर चौरसाची बारा निगेटिव्हं मिळतात. फोटोच्या कागदावर निगेटिव्ह, वर काच, क्षणभर उजेड. तेवढ्यावर हातात मावेल असा फोटो तयार. लाल दिवा भरवशाचा आहे का, हे पाहायला कागदावर नाणं ठेवून पाच मिनिटं थांबा आणि कागद डेव्हलप करा. नाण्याचा गोल उमटला तर दिवा लांब न्यावा किंवा बदलावा.

वर्गात मी कॅमेऱ्याशिवाय हेच दाखवते. कागदावर कडुनिंबाची डहाळी ठेवून उजेड दिला की पानं पांढरी आणि बाकी सारं काळं. उर्दूत निगेटिव्हला 'मनफी' म्हणतात. गणितातला मनफी मुलांना ठाऊक असतो; तोच मनफी चित्रात आला की ती आधी हसतात आणि मग विचारायला लागतात.

फुफीचे फोटो मी अंगणात काढले. तिची अट होती की निगेटिव्ह तिला मिळालं पाहिजे. सहा फ्रेमची ती पट्टी आणि दोन प्रिंट मी तिच्या हातात ठेवल्या. ट्रेमधल्या कोऱ्या कागदावर आपला चेहरा हळूहळू वर येताना तिने स्वतः पाहिला. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अम्मा के जैसी दिखती मैं." तिच्या अम्मांचा एकही फोटो आमच्या घरात नाही.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. अशा प्रिंटचा कुणी मोबाईलवर फोटो काढला की ही सगळी मेहनत वाया. कागदाला कुलूप लावता येतं, मोबाईलमधून गेलेल्या फोटोला येत नाही. म्हणून फोटो कुणाला दाखवायचा, हे फुफीच ठरवते. पट्टी तिने कागदात गुंडाळून पानदानाच्या खालच्या खणात ठेवली होती. चुन्याकाथाची ओल लागेल म्हणून मी तिला झाकणाचा कोरडा डबा आणि सिलिका जेलची पुडी आणून दिली. डब्याची किल्ली तिच्याकडेच असते.

आता खालाही मागे लागली आहे. तिला मी सांगितलंय, जरा थंडी पडू दे. बर्फ कमी लागेल.