धावती लिपी

लिपीलाही स्वतःची चाल असते, हे मला तंजावरला आल्यावर नीट उमगले. येथील बृहदीश्वराचे मंदिर 1010 मध्ये पुरे झाले. त्याच्या जोत्यावर राजराज चोळाचे तमिळ लेख आहेत. आणि आवाराच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजी राजांनी 1803 मध्ये कोरविलेला भोसले कुळाचा मराठी इतिहास आहे. तो देवनागरीत, म्हणजे बाळबोधात आहे. याच दरबाराच्या कचेरीतले कागद मात्र मोडीत असून सरस्वती महाल ग्रंथालयात त्यांचे शेकडो रुमाल आहेत. दगडाला एक लिपी दिली, कागदाला दुसरी. हा भेद केवळ प्रतिष्ठेचा नसावा. छिन्नी प्रत्येक अक्षरापाशी थांबते. कचेरीतल्या बोरूला थांबणे परवडत नाही.

मोडी लिहिणारा आधी ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेघ ओढून घेई आणि मग तिच्याखाली अक्षरे गुंफीत जाई. हात शक्यतो उचलायचा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद करायचा नाही, शब्द सुटे करायचे नाहीत. लिहिणाऱ्याने असा वाचविलेला वेळ पुढे वाचणाऱ्याला फेडावा लागतो.

येथे पाहुणा प्राध्यापक म्हणून राहू लागल्यापासून एका तरुण गृहस्थांशी माझे नित्य बोलणे होते. त्यांचा व्यवसाय संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याचा. घराणे अनेक पिढ्या येथेच नांदलेले मराठी. घरात मराठी बोलतात. पण शिक्षण तमिळ आणि इंग्रजीत झालेले, त्यामुळे मराठी लिहायची वेळ आलीच तर ती तमिळ अक्षरांत लिहितात. त्यांच्या घरच्या पेटीत मोडी कागदांचा एक गठ्ठा निघाला. उपकरणांची त्यांना मनापासून हौस. काचेवर दाबून प्रत घेणारा स्कॅनर जीर्ण कागदाला सोसत नाही, म्हणून वरून छायाचित्र टिपणारा स्कॅनर त्यांनी आणविला. चार दिवसांत सहाशे पाने टिपून झाली आणि त्यांच्या प्रती तीन ठिकाणी ठेवण्यात आल्या. ‘‘सर, आता वाळवी लागली तरी चिंता नाही,’’ ते म्हणाले. आणि क्षणभराने, ‘‘पण आत काय लिहिले आहे ते अजून कोणालाच ठाऊक नाही.’’ प्रत्येक प्रतिमेला नाव द्यायचे तर त्यांच्यापाशी आकड्यावाचून काही नव्हते. पान 1 ते पान 600.

उपकरणांची हौस या गावाला नवी नाही. सरफोजींनी 1805 च्या सुमारास येथे देवनागरीचा छापखाना उभारला आणि इसापच्या गोष्टी मराठीत आणवून ‘बालबोधमुक्तावली’ या नावाने छापविल्या. डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी त्यांनी रंगीत चित्रांसह ठेवविल्या. त्या आजही ग्रंथालयात जपलेल्या आहेत. अशा नोंदीतल्या चित्रात बिघडलेला डोळा दिसतो. रोगी कोण होता, उपचार कोणता झाला, हे मात्र शेजारच्या अक्षरांनीच सांगायचे असते. स्कॅनरने काढलेल्या चित्राचेही तसेच आहे.

हे गृहस्थ पहाटे कल्लणै कालव्याच्या काठाने दहा-बारा किलोमीटर धावतात. मी त्याच काठाने फिरायला जातो. परतताना ते माझ्याबरोबर चालतात. मनगटावरचे घड्याळ त्यांना नाडीचे ठोके आणि पावलांचा वेग सांगते. ‘‘मॅरेथॉन 42.195 किलोमीटरांची,’’ ते एकदा म्हणाले, ‘‘पहिल्या पाच किलोमीटरांत जो वेळ वाचवितो, तो शेवटच्या दहांत दामदुपटीने फेडतो.’’ मला त्यावरून जासूद आठवले. मराठेशाहीत पत्रे पायी नेणारी ही माणसे पुष्कळदा जोडीने पाठवीत. जुन्या कागदांत ‘जासूद जोडी’ हे शब्द भेटतात. तंजावरहून पुणे हजार किलोमीटरांहून दूर. घाईने लिहिलेला कागद एवढे अंतर काटायचा तो माणसाच्या दमानेच. सहाशे पाने वाचणे हे काम त्याच जातीचे आहे.

मग यंत्राकडूनच मोडी का वाचून घेऊ नये? वाट तयार होत आहे. 2014 मध्ये मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले. 2025 मध्ये रुरकीच्या आय.आय.टी.तील संशोधकांनी 2 हजारांहून अधिक मोडी प्रतिमा आणि त्यांचे देवनागरी लिप्यंतर असा संच सिद्ध केला. तथापि यंत्र हे काम आधी कोणीतरी वाचून ठेवलेल्या उदाहरणांवरून शिकते, हे माझ्या स्नेह्यांनीच मला समजावून दिले. महाराष्ट्रातल्या दप्तरांवर शिकलेले यंत्र तंजावरच्या कागदांपाशी अडखळणारच. व्यंकोजी राजांपासून 1855 मध्ये संस्थान खालसा होईपर्यंत येथली मराठी तमिळच्या शेजारात वाढली. तमिळ गावे, तमिळ मापे, तमिळ नाती तिच्या मोडीत सहज येऊन बसली. पुण्याच्या अभ्यासकापाशी लिपी आहे, पण त्याच्या कानाला ही बोली परकी. येथील घरांत तो कान अजून शाबूत आहे, परंतु लिपी गेली. ही दोन माणसे एका कागदापाशी येण्याआधी घरातली मराठी मावळली, तर प्रतिमा कितीही स्वच्छ असोत, त्या मुक्याच राहतील.

हल्ली संध्याकाळी ते गठ्ठ्यातले कागद घेऊन माझ्याकडे येतात आणि आम्ही दोघे अर्धे पान वाचतो. मोडीची मुळाक्षरे त्यांनी महिनाभरात बसविली. मागच्या आठवड्यात भाताच्या हिशेबाचा एक कागद निघाला. त्यात आकड्यापुढे ‘कलम’ असा स्वच्छ शब्द होता. मराठी दप्तरात कलम म्हणजे बाब, किंवा लेखणी. दोन्ही अर्थ तेथे बसेनात. तो शब्द त्यांनी घरी जाऊन आईंना वाचून दाखविला. त्या स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, ‘‘भात मोजायचे माप ते. बारा मरक्काल म्हणजे एक कलम.’’ आईंना मोडीचे एक अक्षर येत नाही.

त्या रात्री त्यांनी संगणकावरचे ‘पान 214’ हे नाव पुसून तेथे ‘भाताचा हिशेब, चाळीस कलम’ असे लिहिले, आणि ते देवनागरीत लिहिले. त्यांच्या वहीत आता 11 पाने उतरली आहेत.