मुंबईच्या नावाचं स्पिटफायर

ठाणे,
कोजागिरीचा दुसरा दिवस

चि. सईस,


कपाटातल्या विमानाचा फोटो तुझ्या आईने पाठवला आणि तू लगेच विचारलंस, "मामा, इंग्रजांचं लढाऊ विमान आपल्या घरात कशाला?" प्रश्न मला आवडला. फोनवर त्याचं अर्धंमुर्धं उत्तर देण्यापेक्षा सविस्तर लिहावं म्हणून बसलो आहे.

ते स्पिटफायर मार्क 9 आहे, एअरफिक्सच्या पेटीतून जुळवलेलं, 1:24 प्रमाणातलं. खऱ्या विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत सव्वाअकरा मीटर. म्हणजे आपल्याकडचं साधारण 47 सेंटिमीटर. पुस्तकांचा एक अख्खा कप्पा त्याने घेतलाय, आणि तुझ्या मामीने तो खुशीने दिलाय. एवढा खटाटोप मी केला तो मुंबईसाठी.

दुसऱ्या महायुद्धात रॉयल एअर फोर्सच्या दोन तुकड्यांना मुंबईचं नाव होतं. 122 क्रमांकाची 'बॉम्बे' आणि 132 क्रमांकाची 'सिटी ऑफ बॉम्बे'. 1941 साली दोन्ही नव्याने उभ्या राहिल्या, दोन्हींना स्पिटफायर मिळाली. एक नाव अख्ख्या इलाख्याचं, दुसरं शहराचं. आणि इलाखा म्हणजे फक्त मुंबई नव्हे. पुणे, सातारा, नाशिक, रत्नागिरी, शिवाय गुजरात आणि कर्नाटकाचाही मोठा भाग त्यात होता.

नाव मिळालं पैशामुळे. 1940च्या उन्हाळ्यात ब्रिटनचे विमाननिर्मिती मंत्री लॉर्ड बीव्हरब्रुक यांनी लोकांकडून विमानांसाठी वर्गणी गोळा करायला सुरुवात केली. एका स्पिटफायरची किंमत 5,000 पौंड, असा आकडा लोकांपुढे ठेवला गेला. खरा खर्च त्याच्या दुपटीहून जास्त होता, पण पाच हजार हा आकडा गावागावाच्या आवाक्यातला वाटे. वर्गणी साम्राज्यभरातून आली. ज्यांनी भरघोस दिली त्या प्रांतांची, संस्थानांची नावं तुकड्यांना लागली: 152 हैदराबादची, 234 मद्रास इलाख्याची, 129 म्हैसूरची. मुंबईच्या वाट्याला दोन आल्या.

आता तुझ्या मनात येईल तेच माझ्याही मनात आलं होतं. हा पैसा दिला कोणी? शेटसावकारांनी दिला, संस्थानिकांनी दिला, आणि सरकारी अधिकाऱ्यांच्या दबावाखाली ज्यांना नाही म्हणता आलं नाही अशांनीही दिला. आणि त्याच मुंबईत 8 ऑगस्ट 1942 रोजी गवालिया टँकवर 'चले जाव'चा ठराव झाला, दुसऱ्या दिवशी पहाटे नेत्यांची धरपकड झाली. त्यानंतर दहा दिवसांनी, 19 ऑगस्टला, फ्रान्सच्या किनाऱ्यावर दिएपचा हल्ला झाला आणि त्यात 122 'बॉम्बे' तुकडी आकाशात होती. त्या एका दिवसात ब्रिटिश बाजूची शंभरावर विमानं गेली. पुढच्या वर्षी याच इलाख्यात, साताऱ्याला, प्रतिसरकार उभं राहिलं. इंग्रजांचं राज्य उलथवायला निघालेला मुलूख आणि इंग्रजांच्या विमानतुकडीला लागलेलं त्याच मुलखाचं नाव, दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. पहिली आपण शाळेत शिकतो आणि शिकलीच पाहिजे. दुसरी कुणी सांगत नाही. तिचा पैसाही आपल्याच लोकांच्या खिशातून गेलेला आहे, म्हणून ती माहीत असण्याचा हक्क आपल्याला आहे, असं मला अगदी मनापासून वाटतं.

122 तुकडीचे वैमानिक मात्र कुठून कुठून आलेले. 1942च्या एप्रिलअखेर तिची सूत्रं फ्रांतिशेक फाइट्ल या चेकोस्लोव्हाक वैमानिकाकडे आली. रॉयल एअर फोर्सच्या ब्रिटिश तुकडीचा प्रमुख झालेला तो पहिला चेकोस्लोव्हाक. आठवडाभरातच, 5 मे रोजी, उत्तर फ्रान्सवर त्याचं विमान पाडलं गेलं. शत्रूच्या मुलखातून लपतछपत तो स्पेनमार्गे जिब्राल्टरला पोचला आणि ब्रिटनला परत आला. ज्या मायदेशासाठी लढला, त्याच देशातल्या कम्युनिस्ट राजवटीने 1948 नंतर त्याला कैदेत टाकलं. 2006 साली, चौऱ्याण्णव वर्षांचा होऊन तो वारला. कागदावर मुंबईचं नाव, विमान साउदॅम्प्टनच्या अभियंत्यांनी आखलेलं, आणि चालवणारा आपला देश गमावलेला चेक: मला ही हकिकत कोणत्याही कादंबरीहून मोठी वाटते.

मार्क 9च का, तेही सांगतो. 1941च्या शरद ऋतूत जर्मनांचं फॉक-वुल्फ 190 आलं आणि तेव्हाचं मार्क 5 स्पिटफायर त्याच्यापुढे फिकं पडलं. नवं विमान आखायला सवड नव्हती, म्हणून मार्क 5च्याच सांगाड्यात मर्लिन 61 इंजिन बसवलं. उंचावरची विरळ हवा हे इंजिन एकदा नव्हे, दोनदा दाबून आत घेतं. दाबलेली हवा तापते, म्हणून तिला थंड करायची वेगळी सोय. एवढ्यासाठी नाक लांबलं, पंख्याला तीनऐवजी चार पाती आली, आणि पंखांखालच्या पेट्या, ज्या आधी एक मोठी आणि एक लहान होत्या, त्या सारख्या झाल्या. तात्पुरती तोड म्हणून केलेलं हे विमान युद्ध संपेपर्यंत लढलं. 122 तुकडीला ते 1942च्या अखेरीस मिळालं, आणि तेव्हा तिचा प्रमुख होता डॉन किंगाबी. साध्या सार्जंटपासून वर आलेला हा माणूस. डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग मेडल तीनदा मिळालेला रॉयल एअर फोर्समधला तो एकटाच. माझं विमान त्याच्या काळातलं आहे.

बांधण्याबद्दल किती लिहू! पेटीत चारशेहून जास्त भाग, सगळे प्लास्टिकच्या चौकटींना चिकटलेले. प्रत्येक भाग कटरने सोडवायचा, उरलेला कोंब सुरीने छाटायचा, पॉलिश पेपरने घासायचा, आणि डिंक न लावता आधी बसवून बघायचा. चिकटवायचं द्रावण पाण्यासारखं पातळ असतं. कुंचल्याचं टोक सांध्याला टेकवलं की ते आपोआप फटीत धावतं, प्लास्टिक विरघळवतं आणि दोन भागांचा एक करून टाकतं. तरी राहिलेल्या फटीत लांबी भरायची, पुन्हा घासायचं. पंखाची ती लंबगोल कड घासताना एक क्षणही हात जड पडून चालत नाही, कारण स्पिटफायर ओळखलं जातं ते त्या रेषेवरून.

सगळ्यात जास्त रमलो इंजिनात. बारा सिलिंडर, प्रत्येकाला दोन स्पार्क प्लग, म्हणून चोवीस तारा. खराब झालेल्या इअरफोनच्या वायरीतल्या बारीक तांब्याच्या तारा काढून चिमट्याने एकेक ओवली. हे करताना समजतं की लढाई जितकी वैमानिकाची, तितकीच मेकॅनिकचीही होती. 1940च्या सप्टेंबरात साउदॅम्प्टनचे कारखाने बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाले तेव्हा स्पिटफायरचं काम गॅरेजांत, बसडेपोंत, लॉन्ड्रीतसुद्धा विखरून टाकलं होतं, आणि तिथे रिव्हेट मारणाऱ्यांत असंख्य बायका होत्या. त्यांची नावं कुठल्याही तुकडीला लागली नाहीत.

रंगकाम पावसाळा सरेपर्यंत थांबवलं. आपल्या दमट हवेत लॅकर मारलं की ते पांढुरकं पडतं. दसऱ्यानंतर कोरडं ऊन पडलं तेव्हा एअरब्रश बाहेर काढला. वरून गडद हिरवा आणि समुद्री राखाडी, पोटाकडून फिकट राखाडी, पंखांच्या पुढच्या कडेला पिवळा पट्टा. 'एमटी' ही या तुकडीची अक्षरं. ती मास्किंग टेपमधून कापून रंगवली, कारण स्टिकरपेक्षा रंगवलेलं अक्षर पृष्ठभागात मुरतं. विमानावर मुंबई असं कुठेच लिहिलेलं नाही. ते कळायला 'एमटी' वाचता यावं लागतं, आणि आता तुला ते येतं.

तू लंडनलाच आहेस, म्हणून एक काम सांगतो. ही तुकडी ज्या हॉर्नचर्चच्या तळावरून उडे, तो लंडनच्या पूर्व टोकाला आहे. तुझ्या डिस्ट्रिक्ट लाइनवरच्या एल्म पार्कला उतरलीस की जवळच. तळ 1962 साली बंद झाला, आता तिथे हॉर्नचर्च कंट्री पार्क आहे, पण जमिनीत गाडलेले काँक्रीटचे बुरूज आणि पहाऱ्याच्या चौक्या अजून आहेत. कोरडा रविवार बघून जाऊन ये आणि काँक्रीटचे जवळून, नीट उजेडात फोटो काढ. विमान ज्यावर उभं करायचं तो तळ मला त्याच रंगाचा करायचा आहे.

आणि एक विचारायचं राहिलं. पंखांतल्या 20 मिलिमीटर तोफांची झाकणं मी अजून चिकटवलेली नाहीत. बंद केली तर पंखाची रेष अखंड राहते. उघडी ठेवली तर आतल्या तोफा आणि गोळ्यांच्या माळा दिसतात. मामी म्हणते बंद. तुझं मत कळव, त्याप्रमाणे दिवाळीच्या सुट्टीत काम पुरं करतो.

तुझा,
मामा